ब्लू-रे, डीव्हीडी की स्ट्रीमिंग? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरात मोठा टीव्ही आला किंवा माळ्यावरचा सीडी-डीव्हीडींचा खोका खाली उतरला, की हे प्रश्न निघतातच. काही उत्तरं दोन ओळींत संपतात. काहींसाठी थोडा इतिहास उकरावा लागतो, कारण ब्लू-रे घरोघरी का पोचली नाही हे तंत्रज्ञानाच्या कोष्टकांत सापडत नाही.

ब्लू-रे आणि डीव्हीडीत नेमका फरक काय? दिसायला तर सारख्याच.

आकार सारखाच आहे: व्यास १२ सेंटिमीटर, जाडी १.२ मिलिमीटर, म्हणजे १९८२ साली आलेल्या ऑडिओ सीडीचाच साचा. फरक आहे तो वाचणाऱ्या लेझरमध्ये. सीडीला ७८० नॅनोमीटर तरंगलांबीचा अवरक्त लेझर लागतो, डीव्हीडीला ६५०चा लाल आणि ब्लू-रेला ४०५चा निळा-जांभळा. तरंगलांबी कमी झाली की प्रकाशाचा ठिपका बारीक होतो आणि तेवढ्याच जागेत जास्त माहिती मावते. डीव्हीडीच्या एका थरात ४.७ जीबी बसतं, ब्लू-रेच्या एका थरात २५. दोन थर असले तर अनुक्रमे ८.५ आणि ५०.

आता चित्र. व्हीसीडीवर, म्हणजे व्हिडिओ सीडीवर, ३५२ बाय २८८, म्हणजे साधारण एक लाख पिक्सेल. डीव्हीडीवर, आपल्याकडच्या टीव्हीच्या पाल पद्धतीत, ७२० बाय ५७६, म्हणजे चार लाखांच्या वर. ब्लू-रेवर १९२० बाय १०८०, वीस लाखांच्या वर. २०१६मध्ये आलेल्या फोर-के ब्लू-रेवर ३८४० बाय २१६०, म्हणजे जवळपास ८३ लाख. व्हीसीडी ते डीव्हीडी चौपट, डीव्हीडी ते ब्लू-रे पाचपट. कागदावर दुसरी उडी मोठी आहे, पण लोकांनी डोक्यावर घेतली ती डीव्हीडी.

एचडी डीव्हीडी नावाचंही काहीतरी होतं ना? त्याचं काय झालं?

होतं. ब्लू-रेशी स्पर्धा करणारी ती तोशिबाची एचडी डिस्क, आणि ती दोन वर्षंही टिकली नाही. तोशिबाचा एचडी डीव्हीडी प्लेअर अमेरिकेत एप्रिल २००६मध्ये ४९९ डॉलरला आला. सॅमसंगचा पहिला ब्लू-रे प्लेअर जूनमध्ये आला, ९९९ डॉलरला. एचडी डीव्हीडीत माहितीचा थर जुन्या डीव्हीडीसारखाच ०.६ मिलिमीटर आत असल्यामुळे डीव्हीडीचे कारखाने थोड्या फेरफाराने ती काढू शकत होते. ब्लू-रेचा थर पृष्ठभागापासून फक्त ०.१ मिलिमीटरवर, त्यामुळे यंत्रसामग्री नवी आणि वर कठीण लेपही हवा. म्हणजे स्वस्ताई तोशिबाकडे आणि जागा ब्लू-रेवाल्या सोनीकडे, कारण एचडी डीव्हीडीत एका थराला १५ जीबीच मावत.

स्टुडिओही वाटले गेले. डिस्ने, फॉक्स आणि सोनी ब्लू-रेकडे. युनिव्हर्सल एचडी डीव्हीडीकडे. वॉर्नर दोन्ही दगडांवर पाय ठेवून. पॅरामाउंट आधी दोन्हीकडे होती, ऑगस्ट २००७मध्ये ती फक्त एचडी डीव्हीडीकडे गेली. पण नोव्हेंबर २००६मध्ये सोनीने प्लेस्टेशन ३ बाजारात आणलं होतं आणि त्यात ब्लू-रे ड्राइव्ह आतच होता. लोकांनी घेतलं गेम खेळायचं यंत्र, घरात आला सिनेमाचा प्लेअर. ४ जानेवारी २००८ला वॉर्नरने ब्लू-रेची बाजू घेतली. फेब्रुवारीत तेव्हा टपालाने डिस्क भाड्याने देणारी नेटफ्लिक्स आणि बेस्ट बाय, वॉलमार्ट ही मोठी दुकानं त्याच वाटेने गेली आणि १९ फेब्रुवारीला तोशिबाने माघार जाहीर केली.

माझ्या मते या भांडणात जिंकणाऱ्याचंही नुकसान झालं. व्हीएचएस आणि बीटामॅक्स या व्हिडिओ कॅसेटच्या दोन प्रकारांची मारामारी पाहिलेला ग्राहक शहाणपणाने थांबून राहिला. नेमक्या त्याच काळात, सप्टेंबर २००६मध्ये, अ‍ॅपलने आयट्यून्सवर चित्रपट विकायला सुरुवात केली आणि जानेवारी २००७मध्ये नेटफ्लिक्सचं स्ट्रीमिंग सुरू झालं. दोन कंपन्या दारात भांडत असताना तिसरा मागच्या दाराने आत येऊन बसला होता.

मग लोकांनी डीव्हीडी पटकन घेतली आणि ब्लू-रे नाही, असं का?

कारण डीव्हीडीने एकाच वेळी पाच-सहा कटकटी मिटवल्या. कॅसेट रिवाइंड करणं संपलं. हव्या त्या प्रसंगावर थेट उडी मारता आली. सबटायटल, दुसऱ्या भाषेतला आवाज, पडद्यामागच्या गोष्टी त्याच डिस्कवर. पुन्हा पुन्हा पाहून टेप झिजायची ती झिजेना. जागा कमी. मुख्य म्हणजे हे सगळं घरातल्या जुन्याच टीव्हीवर, तीन रंगांच्या पिनांच्या त्याच वायरने. चित्र सुधारलं हा वरचा बोनस.

भावाचाही मोठा हात होता. अमेरिकेत नव्या चित्रपटाची व्हीएचएस कॅसेट सुरुवातीला व्हिडिओ लायब्ररीवाल्यांसाठी असायची आणि तिची किंमत ८०-१०० डॉलरच्या घरात ठेवली जायची. घरी न्यायची ती भाड्यानेच. डीव्हीडी पहिल्या दिवसापासून वीसेक डॉलरला सामान्य गिऱ्हाइकाला विकली गेली. भाड्याने आणण्याऐवजी विकत घेऊन शेल्फवर लावायची सवय तिने लावली. जपानात नोव्हेंबर १९९६मध्ये आणि अमेरिकेत मार्च १९९७मध्ये आलेल्या डीव्हीडीने जून २००३मध्ये अमेरिकेतल्या भाड्याच्या धंद्यात व्हीएचएसला पहिल्यांदा मागे टाकलं.

ब्लू-रेने काय दिलं? चांगलं चित्र आणि चांगला आवाज. बस्स. तेही दिसायला नवा टीव्ही, नवा प्लेअर, एचडीएमआय केबल हवी आणि ऐकायला स्पीकर हवेत. सुविधेच्या बाजूने तर एक पाऊल मागेच पडलं. सुरुवातीचे प्लेअर चालू होऊन मेनू दिसेपर्यंत चहा गाळून व्हायचा. नवी डिस्क घातली की प्लेअरचं सॉफ्टवेअर अपडेट करा म्हणायची. प्रोफाइल १.०, १.१, २.० असे प्रकार होते आणि आदल्या वर्षी घेतलेल्या प्लेअरवर नव्या डिस्कमधल्या काही गोष्टी चालत नसत.

आणखी एक गंमत आहे, ती फार कमी जण लक्षात घेतात. ब्लू-रे प्लेअर जुन्या डीव्हीडीही वाजवायचे आणि त्यांचं चित्र मोठ्या टीव्हीसाठी बऱ्यापैकी ताणून सुधारून दाखवायचे. म्हणजे ज्याने नवं यंत्र घेतलं त्याचा जुना संग्रहच जास्त चांगला दिसू लागला. मग तोच चित्रपट दुप्पट पैसे मोजून पुन्हा कशाला घ्यायचा? पहिली काही वर्षं ब्लू-रेला खरी टक्कर दिली ती डाउनलोडने नव्हे, घरात आधीच पडलेल्या डीव्हीडींनी.

भारतातही असंच झालं का?

भारताची वाट वेगळी आहे. अमेरिकेत व्हीएचएसनंतर डीव्हीडी आली. आपल्याकडे मध्ये व्हीसीडीचं मोठं राज्य होऊन गेलं. १९८२च्या एशियाडनंतर रंगीत टीव्ही आले, मग एका रात्रीसाठी व्हीसीआर भाड्याने आणून तीन-तीन पिक्चर बघणं आलं, मग केबल. व्हीसीडीचं चित्र व्हीएचएसच्याच तोडीचं होतं, एका डिस्कवर जेमतेम ७४ मिनिटं मावायची आणि तीन तासांच्या हिंदी सिनेमाला दोन-तीन डिस्क लागायच्या. ऐन मारामारीत ‘दुसरी सीडी घाला’ हे कुणालाच खटकत नव्हतं. प्लेअर स्वस्त, डिस्क स्वस्त, कॉपी करायला कसलंही कुलूप नाही. त्यामुळे पायरेटेड माल फुटपाथवर आला आणि तिथेच वाढला.

मग मोझर बेअरने अधिकृत व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना विकायला काढली. कोऱ्या डिस्क बनवणारी ही कंपनी, कारखाना तिचाच, त्यामुळे तिला तो भाव परवडला. जनरल स्टोअरमध्ये बिस्किटांच्या शेजारी चित्रपट लटकू लागले. मराठी चित्रपटांचाही घरगुती बाजार व्हीसीडी-डीव्हीडीचाच राहिला. जिथे ३४ रुपयांत आख्खा चित्रपट मिळतो, तिथे हजार-दीड हजारांची ब्लू-रे कोण घेणार? त्यातून बहुतेक घरांत आलेले पहिले फ्लॅट टीव्ही ३२ इंची ‘एचडी रेडी’, म्हणजे १३६६ बाय ७६८चे. ब्लू-रेचे निम्मे पिक्सेल दाखवायला त्यांच्याकडे जागाच नव्हती. दुकानदार मात्र ‘एचडी आहे साहेब’ म्हणून मोकळा.

तरीही हळूहळू ब्लू-रे रुळली असती, असं म्हणायला जागा होती. पण जानेवारी २०१६मध्ये नेटफ्लिक्स भारतात आलं, सप्टेंबरमध्ये जिओ, डिसेंबरमध्ये अ‍ॅमेझॉन प्राइम व्हिडिओ. डेटा जवळजवळ फुकट झाला आणि तो विषय तिथेच मिटला. आपल्या बहुसंख्य घरांनी ब्लू-रेची पायरी गाळून थेट पुढची गाठली. मोझर बेअर पुढे दिवाळखोरीत गेली, त्याला इतरही कारणं होती.

डाउनलोड तर २००६-०७मध्येही होतं. तेव्हाच त्याने डिस्क का संपवल्या नाहीत?

गणित करून बघा. भारतात २००४च्या धोरणानुसार २५६ केबीपीएस वेगाला ब्रॉडबँड म्हणत. त्या वेगाने एका थराची भरलेली ब्लू-रे, २५ जीबी, उतरवायला नऊ दिवस लागले असते. एक डीव्हीडी उतरवायला चाळीस तास. ७०० एमबीची फाइल मात्र सहा तासांत यायची. बीएसएनएलच्या एका लोकप्रिय प्लॅनमध्ये रात्री दोन ते सकाळी आठ वापर मोजला जात नसे, म्हणजे सहाच तास. त्या काळात हॉस्टेलमधला प्रत्येक सिनेमा ७०० एमबीचा असायचा, कारण एका कोऱ्या सीडीवर तेवढंच मावायचं.

त्या फाइलचं चित्र डीव्हीडीपेक्षाही वाईट असायचं, आणि लोक खुशीत बघायचे. पुढे डीव्हीडी प्लेअरलाच यूएसबीचं भोक आलं, दाबून लहान केलेल्या डिव्हएक्स फाइल चालू लागल्या, आणि पेनड्राइव्ह फिरू लागले. एचडीचं युग ज्या वर्षांत सुरू झालं म्हणतात, त्याच वर्षांत सगळ्यात जास्त पाहिलं गेलेलं चित्र एचडी नव्हतं.

स्ट्रीमिंगवरचं फोर-के आणि डिस्कवरचं फोर-के एकच ना?

पिक्सेल तेवढेच, माहिती तेवढी नाही. नेटफ्लिक्सच्या स्वतःच्या सांगण्यानुसार फोर-के पाहताना तासाला ७ जीबीपर्यंत डेटा लागतो, एचडीला ३ जीबीपर्यंत. म्हणजे दोन तासांचा चित्रपट फोर-केमध्ये फार तर १४ जीबी. फोर-के ब्लू-रेची डिस्क बहुतेक वेळा ६६ किंवा १०० जीबीची असते आणि चित्रपट त्यातला बराचसा भाग वापरतो. साधी ब्लू-रेसुद्धा बऱ्याचदा २५ जीबीच्या पुढे जाते, त्यामुळे काही वेळा साधी ब्लू-रे स्ट्रीमिंगच्या फोर-केपेक्षा नितळ दिसते.

फरक कुठे दिसतो तेही सांगतो, कारण ‘नितळ’ म्हणून भागत नाही. अंधारातले प्रसंग बघा: स्ट्रीमिंगवर काळ्या भिंतीवर चौकोनी डाग पोहताना दिसतात. धुकं, धूर, पाऊस, उडणारी धूळ बघा. सूर्यास्ताच्या आकाशात रंग हळूहळू बदलण्याऐवजी पट्टे पडतात. जुन्या फिल्मचा मूळ रवाळपणा पुसला जातो आणि चेहरे मेणाचे वाटतात. हलणारं, बारीक, अनियमित असं काहीही दाबून लहान करणं अवघड असतं, त्यामुळे कात्री आधी तिथे लागते.

आवाजात तफावत याहून मोठी आहे. डिस्कवर डॉल्बी ट्रूएचडी किंवा डीटीएस-एचडी मास्टर ऑडिओ असतो, त्यात मूळ आवाजातलं काहीच गाळलेलं नसतं. स्ट्रीमिंगवर डॉल्बी डिजिटल प्लस असतो, नेटफ्लिक्सवर जास्तीत जास्त ७६८ केबीपीएस. अर्थात टीव्हीच्या पाठीमागच्या दोन इवल्या स्पीकरांवर ऐकणार असाल तर या परिच्छेदावर वेळ घालवू नका.

३२ इंची टीव्ही आहे, आठ फुटांवरून बघतो. ब्लू-रे घेऊ का?

नको. त्या अंतरावर डीव्हीडी आणि ब्लू-रे यांतला फरक नाममात्र दिसेल. ५५ इंचांच्या पुढचा टीव्ही किंवा प्रोजेक्टर असेल तर विचार करा.

डिजिटल दुकानातून ‘बाय’ बटण दाबून घेतलेला चित्रपट माझाच असतो ना?

तुमच्याकडे तो पाहायचा परवाना असतो. परवाना देणाऱ्याचा स्टुडिओशी करार आहे तोवर आणि त्याचं दुकान उघडं आहे तोवर. हॉलिवूडच्या बहुतेक स्टुडिओंनी मिळून काढलेली अल्ट्राव्हायोलेट ही सेवा ३१ जुलै २०१९ला बंद पडली. ज्यांनी आपलं खातं वेळेत दुसऱ्या दुकानाशी जोडलं होतं त्यांचे चित्रपट बहुतांशी वाचले. ऑगस्ट २०२२मध्ये जर्मनी आणि ऑस्ट्रियातल्या प्लेस्टेशन ग्राहकांनी विकत घेतलेले स्टुडिओकनाल या कंपनीचे चित्रपट त्यांच्या लायब्ररीतून काढले गेले. मायक्रोसॉफ्टने जुलै २०२५मध्ये चित्रपट विकणं थांबवलं, आधी घेतलेले अजून दिसतात. कॅलिफोर्नियात तर यावर कायदाच झाला: १ जानेवारी २०२५पासून अशा विक्रीच्या वेळी ‘हा परवाना आहे’ हे ग्राहकाला स्पष्ट सांगावं लागतं.

मासिक वर्गणीच्या सेवांबद्दल तर बोलायलाच नको. करार संपला की चित्रपट या अ‍ॅपवरून त्या अ‍ॅपवर जातो, कधी कुठेच नसतो. मराठीत हे जास्त बोचतं, कारण आपल्या कितीतरी जुन्या चित्रपटांची एकमेव सहज मिळणारी प्रत म्हणजे कुणीतरी व्हीसीडीवरून चढवलेली, कोपऱ्यात कंपनीचा लोगो असलेली यूट्यूबवरची फाइल.

अमेरिकेतल्या बहिणीने ब्लू-रे पाठवल्या तर इथे चालतील का?

तिला आधी पाकिटाच्या मागची बाजू बघायला सांगा. ब्लू-रेसाठी जगाचे तीन विभाग आहेत: अमेरिका आणि जपान ‘ए’त, युरोप आणि ऑस्ट्रेलिया ‘बी’त, भारत, चीन आणि रशिया ‘सी’त. ‘ए’ची कुलूपबंद डिस्क इथल्या प्लेअरवर चालणार नाही. पण कित्येक स्टुडिओंनी हे कुलूप लावलेलंच नाही, अशा डिस्कवर तिन्ही अक्षरं छापलेली असतात. डीव्हीडीची विभागणी निराळी: अमेरिका १, भारत ५. फोर-के ब्लू-रेला विभागाचं बंधन नाही, त्यामुळे भेट म्हणून तीच मागवा.

प्लेअर मात्र तिकडून मागवू नका. आधी त्याच्यावर १२० व्होल्ट लिहिलंय की १००-२४० ते विचारा. पहिला प्रकार इथल्या प्लगमध्ये घातला तर धूरच निघेल.

चालवायला काय घेऊ?

डिस्क ड्राइव्ह असलेलं प्लेस्टेशन ५ किंवा एक्सबॉक्स सिरीज एक्स दोन्ही फोर-के ब्लू-रे वाजवतात. प्लेस्टेशन ४, अगदी ‘प्रो’सुद्धा, फोर-के डिस्क वाजवत नाही, साधी ब्लू-रे वाजवतो. प्लेस्टेशन ५वर डॉल्बी व्हिजन (चित्राचा उजेड-अंधार आणि रंग खुलवणारी पद्धत) नाही आणि ऑडिओ सीडी चालत नाही, हे घेण्याआधी माहीत असू द्या. फक्त चित्रपटच बघायचे असतील तर सोनी किंवा पॅनासॉनिकचा वेगळा प्लेअर बरा.

संगणकाच्या फंदात पडू नका. फोर-के डिस्क वाजवायला इंटेलच्या प्रोसेसरमधली एसजीएक्स नावाची सोय लागते, आणि अकराव्या पिढीपासूनच्या कोअर प्रोसेसरमधून ती काढून टाकली आहे. नवा कोरा, महागडा संगणक जी डिस्क वाजवत नाही ती जुना वाजवतो.

डिस्क बंद होणार म्हणतात, खरं का?

बाजार आकसतोय हे खरं. ओप्पोने २०१८मध्ये प्लेअर बनवणं सोडलं, सॅमसंगने २०१९मध्ये अमेरिकेत नवे प्लेअर आणणं थांबवलं. नेटफ्लिक्सने १९९८पासून चालवलेली टपालाने डिस्क पाठवायची सेवा २९ सप्टेंबर २०२३ला बंद केली. बेस्ट बायने २०२४मध्ये चित्रपटांच्या डिस्क विकणं सोडलं.

२०२५च्या सुरुवातीला ‘सोनीने ब्लू-रे बंद केली’ अशी बातमी सगळीकडे फिरली. ती कोऱ्या, रेकॉर्ड करायच्या डिस्कबद्दल होती. चित्रपटांच्या छापील डिस्क हा वेगळा धंदा आहे आणि तो चालू आहे. फक्त गिऱ्हाईक बदललं. पूर्वी शनिवारी सहज उचलून आणणारा घ्यायचा, आता संग्रह करणारा घेतो. त्याला नव्याने साफ केलेली प्रिंट, जाड पुस्तिका, दिग्दर्शकाचं भाष्य हवं असतं आणि तो त्यासाठी पैसे मोजतो. क्रायटेरियनसारख्या कंपन्या याच गिऱ्हाइकावर उभ्या आहेत.

डिस्क किती वर्षं टिकते? आमच्याकडे कोकणात पावसाळ्यात सगळ्यालाच बुरशी येते.

कॅसेटच्या मानाने डिस्क दमट हवेत पुष्कळ बरी. व्हीएचएसच्या टेपवर पांढरी बुरशी चढली की ती प्लेअरचं हेडही खराब करते. डिस्कवरची वरवरची बुरशी ओल्या मऊ फडक्याने पुसता येते. पुसताना मधून कडेकडे सरळ पुसा, गोल गोल नाही. पाकिटातला छापील कागद हाच ओल धरतो, त्यामुळे बंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा.

छपाईतच दोष असेल तर मात्र इलाज नाही. २००६ ते २००८ या काळात छापलेल्या वॉर्नरच्या काही डीव्हीडी आतून खराब होऊन बंद पडल्या, आणि कंपनीने २०२५मध्ये ते मान्यही केलं. तुमच्याकडे त्या काळातल्या वॉर्नरच्या डिस्क असतील तर एकदा शेवटपर्यंत चालवून बघा. दोष बहुधा दुसऱ्या थरात, म्हणजे चित्रपटाच्या उत्तरार्धात दिसतो.

मग डिस्कवर काय घ्यावं आणि काय नाही?

एकदाच बघायचं ते स्ट्रीमिंगवर बघा, त्यासाठी शेल्फ अडवू नका. दर दोन-तीन वर्षांनी पुन्हा बघावेसे वाटणारे चित्रपट, जिथे छायांकन किंवा आवाज हाच जीव आहे असे चित्रपट, आणि कुठल्याच अ‍ॅपवर टिकून न राहणारे जुने चित्रपट डिस्कवर घ्या. नवा भडक अ‍ॅक्शनपट घेण्यापेक्षा साठ वर्षांपूर्वीचा, मूळ निगेटिव्हवरून फोर-केमध्ये स्कॅन केलेला कृष्णधवल चित्रपट घेऊन बघा. ३५ मिलिमीटरच्या फिल्ममध्ये किती तपशील दडलेला असतो, तो व्हीसीडीवर आपल्याला कधी दिसलाच नव्हता.

घरात शंभरेक जुन्या व्हीसीडी-डीव्हीडी आहेत. भंगारात देऊ?

त्यातल्या दुकानातून आणलेल्या आणि घरी किंवा स्टुडिओत ‘बर्न’ केलेल्या वेगळ्या काढा. कारखान्यात छापलेल्या डिस्कमध्ये माहिती प्लास्टिकमध्ये ठसा उमटवून कोरलेली असते. बर्न केलेल्या डिस्कमध्ये ती एका रंगद्रव्याच्या थरात असते, आणि ते द्रव्य उन्हाने, उष्णतेने, वर्षांनी फिकं पडतं. तुमच्या लग्नाची, मुंजीची, आजोबांच्या पंचाहत्तरीची सीडी या दुसऱ्या प्रकारातली असणार. चित्रपट पुन्हा कुठेतरी मिळेल, ही मिळणार नाही. तिच्यावरच्या फाइल या आठवड्यातच हार्ड डिस्कवर उतरवा आणि दुसरी प्रत भावाकडे किंवा मुलीकडे ठेवा. एका संगणकावर वाचली गेली नाही तर दुसऱ्या ड्राइव्हवर लावून बघा, एखादा जुना ड्राइव्ह वाचून दाखवतो. व्हीसीडीत ‘एमपीईजीएव्ही’ नावाच्या फोल्डरमधली डॅट फाइल आणि डीव्हीडीत ‘व्हिडिओ_टीएस’ हा आख्खा फोल्डर उचलायचा असतो. दुकानातल्या डिस्कचं काय करायचं ते मग सवडीने ठरवा.